सात जणी, चौदा मिनिटं आणि एक छोटा देश

टोकियो ऑलिम्पिकमधली भारतीय महिला हॉकी संघाची वाटचाल तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला हरवलं, उपांत्य फेरीत हरल्या, मग कांस्यपदकासाठी ग्रेट ब्रिटनसमोर उभ्या राहिल्या आणि ६ ऑगस्ट २०२१ला ३-४ अशा हरल्या. मैदानावर बसून रडणाऱ्या त्या मुलींचे फोटो त्या दिवशी प्रत्येकाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसवर होते.

त्याच्या सहा दिवस आधी, त्याच शहरात आणखी एक महिला संघ अगदी याच वाटेने आला होता. खेळ वेगळा, रग्बी सेव्हन्सचा. उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला हरवलं, उपांत्य फेरीत हरल्या, कांस्यपदकासाठी ग्रेट ब्रिटन समोर. तो संघ २१-१२ असा जिंकला. त्या मुली फिजीच्या होत्या.

फिजीची लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास आहे. २०११च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांवर होती. म्हणजे मी रोज जिथून कंपनीच्या बसने जाते, त्या शहराच्या साधारण निम्मा देश. तोही तीनशेपेक्षा जास्त बेटांवर विखुरलेला, त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश बेटांवर माणसं राहतात. १९५६पासून फिजी ऑलिम्पिकला खेळाडू पाठवतोय. आजवर त्याला चार पदकं मिळाली आणि चारही रग्बी सेव्हन्समध्ये: दोन सुवर्ण, एक रौप्य, एक कांस्य. पहिली तीन पुरुषांची. कांस्य बायकांचं. फिजीच्या कुठल्याही बाईने जिंकलेलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक.

या चौथ्या पदकाविषयी मला लिहायचंय. पण ते कळायला थोडं मागे जावं लागेल, कारण फिजीत रग्बी हा फक्त खेळ नाही. तो कोणी खेळायचा आणि कोणी नाही, हे त्या देशाच्या इतिहासाने ठरवलंय.

आधी खेळ पटकन सांगते. नेहमीच्या रग्बीत प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू आणि ऐंशी मिनिटं. सेव्हन्समध्ये सात खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. गंमत अशी की मैदान मात्र तेवढंच मोठं, शंभर मीटर लांब आणि सत्तर मीटर रुंद. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला केवढी तरी मोकळी जागा येते आणि ती धावूनच भरावी लागते. चेंडू घेऊन पलीकडच्या रेषेपार टेकवला की ट्राय, पाच गुण. मग गोलखांबांच्या मधून लाथ मारून चेंडू घालवला की आणखी दोन. हा प्रकार १८८३मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोज गावात निघाला. नेड हेग नावाच्या खाटकाने क्लबला पैसे हवे होते म्हणून एका दिवसात अनेक सामने बसवण्याची ही युक्ती काढली. टी-ट्वेंटी निघण्याच्या एकशेवीस वर्षं आधीच कोणीतरी हा विचार करून ठेवला होता.

मैदानाच्या मधोमध झाड

१० ऑक्टोबर १८७४ला राजा थाकोम्बाऊ आणि इतर सरदारांनी फिजी बेटं ब्रिटनच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षी गोवराची साथ आली. लोकांच्या अंगात या रोगाविरुद्ध कसलीच ताकद नव्हती. सुमारे एक चतुर्थांश लोक मेले. पहिला गव्हर्नर आर्थर गॉर्डन आला तेव्हा त्याच्यापुढे प्रश्न होता: वसाहत चालवायला पैसा उसातून येणार, पण उसात राबणार कोण? स्थानिक लोक आधीच निम्म्यावर येतील की काय अशी भीती. त्याने दोन गोष्टी केल्या. स्थानिकांना, म्हणजे ज्यांना आज इताउकेई म्हणतात त्यांना, त्यांच्या गावात, त्यांच्या सरदारांखाली ठेवलं आणि त्यांची जमीन विकायला बंदी घातली. आणि उसाच्या मळ्यांसाठी माणसं भारतातून आणली.

ही गोष्ट आपल्याला 'गिरमिट' या शब्दाने माहीत असते. १४ मे १८७९ला लिओनिडास हे पहिलं जहाज पोचलं. १९१६पर्यंत साठ हजारांहून जास्त माणसं गेली, कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून. दर शंभर पुरुषांमागे चाळीस बायका हव्यात असा सरकारी नियम होता. बायकांची भरती करताना काय काय केलं गेलं आणि मळ्यांवर त्यांचं काय झालं, हा स्वतंत्र आणि फार वाईट विषय आहे. ही करारबद्ध मजुरी बंद करा असा ठराव १९१२मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात मांडला होता. तो फेटाळला गेला. शाळेच्या पुस्तकातल्या गोखल्यांमध्ये हे सहसा नसतं.

तर एकाच देशात दोन समाज. एक गावात, सरदाराच्या शब्दात. दुसरा उसाच्या मळ्यात. आणि दोघांचे खेळही वेगळे झाले.

रग्बी आलं ते १८८०च्या दशकात, ब्रिटिश आणि स्थानिक शिपायांच्या पलटणीतून. संघटना झाली १९१३मध्ये, सुरुवातीला गोऱ्यांची. पण इताउकेई लोकांनी हा खेळ असा उचलला की काही वर्षांत तो त्यांचाच झाला. भारतीय वंशाचे लोक फुटबॉलकडे गेले. त्यांची 'फिजी इंडियन फुटबॉल असोसिएशन' १९३८मध्ये निघाली आणि ती सगळ्यांसाठी खुली व्हायला १९६०चं दशक उजाडलं. आजही फिजीत रग्बी म्हणजे इताउकेई आणि फुटबॉल म्हणजे भारतीय अशी ढोबळ वाटणी दिसते. टोकियोत पदक घेणाऱ्या तेरा मुलींच्या यादीत एकही भारतीय वंशाचं नाव नाही. देशात जवळपास एक तृतीयांश लोक भारतीय वंशाचे असताना.

फिजीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना ही माझी आवडती गोष्ट आहे. ऑगस्ट १९२४. संघ टोंगाला निघालेला, वाटेत सामोआत थांबला. सामना सकाळी सात वाजता ठेवला, कारण सामोआच्या खेळाडूंना नंतर कामावर जायचं होतं. मैदानाच्या मधल्या रेषेवर एक मोठं झाड होतं. कोणी ते तोडलं नाही, त्याच्या बाजूने खेळले. फिजी ६-० जिंकली आणि पुढे टोंगाला गेली.

मग १९३९. फिजीचा संघ न्यूझीलंडला गेला आणि एकही सामना न हरता परतला. कर्णधार होते रातू जॉर्ज थाकोम्बाऊ, ज्यांनी देश ब्रिटनला दिला त्या राजाचे पणतू. न्यूझीलंडचा संघ सामन्याआधी 'हाका' करतो, तसं आपलंही काहीतरी हवं म्हणून त्या दौऱ्यापासून फिजीच्या संघाने 'थिम्बी' हा जुना युद्धनृत्याचा प्रकार मैदानावर आणला. पुढे १९७३मध्ये हेच रातू जॉर्ज देशाचे पहिले फिजियन गव्हर्नर जनरल झाले. राजघराणं, युद्धनृत्य, रग्बीचं कर्णधारपद आणि राज्याचं सर्वोच्च पद, सगळं एकाच माणसात.

इथे थोडं नावांविषयी, कारण पुढे नावं येणार आहेत. इंग्रजीत थाकोम्बाऊंचं नाव 'सी'ने सुरू होतं, त्यामुळे टीव्हीवरचे निवेदक 'काकोबाऊ' म्हणतात. फिजियन भाषा रोमन लिपीत बसवली डेव्हिड कारगिल या मिशनऱ्याने, १८३५च्या सुमारास. त्या भाषेत 'ब' नेहमी 'म्ब' असतो, 'ड' नेहमी 'न्ड'. मग दोन अक्षरं कशाला खर्च करायची? एक ध्वनी, एक अक्षर. 'थ'साठी 'सी' हे अक्षर रिकामं होतं, ते वापरलं. मला हे वाचून फार बरं वाटलं. कोणीतरी जवळपास दोनशे वर्षांपूर्वी एन्कोडिंगचा विचार इतका नीट केला होता. अडचण एवढीच की बाहेरच्याला हे माहीत नसतं. विमानतळाचं गाव 'नडी' असं लिहिलेलं दिसतं, ते 'नांदी' आहे. आपल्या देवनागरीत मात्र जसं बोलतात तसं लिहिता येतं, म्हणून मी तसंच लिहितेय.

शिपाई, पाद्री आणि पंतप्रधान

१९७७मध्ये सुवा शहरात फिजीने ब्रिटिश लायन्सना २५-२१ असं हरवलं. लायन्स म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडचे निवडक खेळाडू. त्याच वर्षी हाँगकाँगची सेव्हन्स स्पर्धाही फिजीने जिंकली. पुढच्या दोन-तीन दशकांत सेव्हन्स आणि फिजी हे समीकरणच झालं. वाइसाले सेरेवी नावाचा बुटका खेळाडू चेंडू हातात धरून समोरच्याला असा काही चकवायचा की त्याचे जुने व्हिडिओ आजही लोक बघतात (मीही, रिलीजच्या रात्री डिप्लॉयमेंटची वाट बघताना). १९९७ आणि २००५ला फिजीने सेव्हन्सचा विश्वचषक जिंकला.

का जमलं? सोपी कारणं आहेत. सेव्हन्सला लागतं काय, तर मोकळी जागा आणि धावणारी माणसं. गावात गवताचा तुकडा असतो, किनाऱ्यावर वाळू असते, चेंडू नसेल तर प्लास्टिकची बाटली चालते. पंधरा जणांच्या रग्बीला लागणारी जिम, आहारतज्ज्ञ, महागडी यंत्रं इथे तितकी लागत नाहीत. वर खेळाडूला लष्करात किंवा पोलिसांत नोकरी मिळते, नशीब चांगलं असेल तर फ्रान्स-इंग्लंडचा करार. गावातला एक मुलगा परदेशी क्लबात गेला की त्याच्या पैशावर अख्खं कुटुंब उभं राहतं.

पण या सगळ्यात रग्बी हा पुरुष असण्याचा पुरावा झाला. गाव, चर्च, पलटण आणि रग्बी एकमेकांत विणले गेले. याचं टोक राजकारणात दिसतं. एप्रिल १९८७मध्ये भारतीय वंशाच्या लोकांच्या पाठिंब्यावर नवं सरकार निवडून आलं. १४ मेला लष्कराने ते उलथवलं. लिओनिडास जहाज आलं तीच तारीख. उठावाचा प्रमुख होता सितिवेनी राम्बुका, लष्करी अधिकारी आणि फिजीकडून रग्बी खेळलेला खेळाडू. २००६चा उठाव केला फ्रँक बाइनिमारामा यांनी. ते पुढे पंतप्रधान असतानाच रग्बी संघटनेचे अध्यक्षही झाले. त्यांच्या राजवटीत निवडणुका लांबल्या म्हणून राष्ट्रकुलाने फिजीला निलंबित केलं, आणि २०१०च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत जगातला सर्वांत मजेदार सेव्हन्स संघ आलाच नाही. राम्बुका २०२२च्या शेवटी पुन्हा पंतप्रधान झाले आणि मे २०२३मध्ये त्यांनी भारतीय वंशाच्या लोकांची जाहीर माफी मागितली. हा देश इतका छोटा आहे की त्याच त्याच व्यक्ती पुन्हा पुन्हा भेटतात.

या चित्रात मुलगी कुठे बसते?

तिच्यासाठी नेटबॉल होतं. बास्केटबॉलची सभ्य बहीण म्हणता येईल असा खेळ, शाळांमधून ब्रिटिशांनी आणलेला, धक्काबुक्की नसलेला. रग्बी खेळणाऱ्या मुली ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, नव्वदच्या सुरुवातीला दिसू लागल्या आणि त्यांच्याकडे बघण्याची नजर काही चांगली नव्हती. सुवाच्या विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ योको कानेमासू आणि इंग्लंडमधले ग्योझो मोलनार यांनी या खेळाडूंशी बोलून बरंच संशोधन केलंय. त्यातून जे दिसतं ते असं: घरच्यांचा विरोध, गावची कुजबुज, चर्चची नापसंती, मार, काहींना तर घरातून बाहेर काढलेलं. 'पुरुषी' हा शेरा आणि त्यांच्या लैंगिकतेवरून टोमणे. सरावाला मैदान मिळायचं ते पुरुषांचं झाल्यावर. बूट उसने घ्यायचे.

मैदानाचं वाचून मी थांबले होते. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजचं मैदान संध्याकाळी सहानंतर रिकामं व्हायचं आणि मुलींच्या वसतिगृहाचं दार साडेसातला बंद व्हायचं. त्या दीड तासात चालायला गेलं तरी वॉचमन काका विचारायचे, कोणाची वाट बघताय. खेळायचं तर दूरच. त्यामुळे 'मुलींना आवडच नसते' हे वाक्य मला कुठल्याही देशाबद्दल ऐकवत नाही.

आणखी एक आकडा. फिजी विमेन्स क्रायसिस सेंटर या संस्थेने देशभर पाहणी करून २०१३मध्ये अहवाल काढला. ज्या बायका कधी ना कधी जोडीदाराबरोबर राहिल्या होत्या, त्यांच्यापैकी ६४ टक्क्यांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली होती. जगातल्या सर्वांत मोठ्या आकड्यांपैकी हा एक. रग्बीमुळे हे होतं असं मी म्हणत नाहीये, आणि असं म्हणणं बाष्कळपणाही होईल. पण ज्या समाजात शरीराची ताकद ही पुरुषाची मालमत्ता मानली जाते, तिथे एखादी मुलगी धावत येऊन समोरच्याला जमिनीवर पाडते आणि लोक टाळ्या वाजवतात, तेव्हा घराघरांत काहीतरी हलतं. ज्यांना ते नको होतं, त्यांना ते बरोबर कळलं होतं.

कोपनहेगनमधला निर्णय

बदल आतून आला असता तर गोष्ट जास्त सुंदर झाली असती. तो आला बाहेरून, एका बैठकीतून. ऑक्टोबर २००९मध्ये कोपनहेगनला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने ठरवलं की २०१६पासून रग्बी सेव्हन्स ऑलिम्पिकमध्ये येईल, पुरुषांचंही आणि बायकांचंही. झालं. ज्या खेळाकडे देशोदेशीच्या संघटना दुर्लक्ष करत होत्या, तो आता पदकाचा खेळ झाला. पदक म्हणजे सरकारी पैसा, प्रशिक्षक, शिबिरं. २०१२-१३पासून महिलांची जागतिक मालिका सुरू झाली. फिजीच्या महिला संघाला 'फिजियाना' म्हणतात. त्या नेटबॉलमधून, धावण्याच्या शर्यतींतून, गावच्या टच रग्बीतून आल्या होत्या. बऱ्याच जणी वयाच्या विशीत पहिल्यांदा नीट टॅकल करायला शिकल्या.

रिओ २०१६. ओशिआनियाची पात्रता स्पर्धा जिंकून फिजियाना तिथे पोचल्या. उपांत्यपूर्व फेरीत ग्रेट ब्रिटनकडून हरल्या, शेवटी आठव्या आल्या. पहिल्या ऑलिम्पिकसाठी वाईट नव्हतं. पण तीन दिवसांनी पुरुषांनी अंतिम सामन्यात त्याच ग्रेट ब्रिटनला ४३-७ असं उडवलं आणि देशाला पहिलंवहिलं पदक, तेही सुवर्ण, मिळालं. देश वेडा झाला. राष्ट्रीय सुट्टी जाहीर झाली. प्रशिक्षक बेन रायन हा लाल केसांचा इंग्रज. त्याला सुरुवातीचे काही महिने पगारसुद्धा मिळाला नव्हता, आता त्याला तीन एकर जमीन आणि फिजियन नाव मिळालं. २०१७मध्ये फिजीच्या रिझर्व्ह बँकेने चक्क सात डॉलरची नोट काढली. तिच्यावर कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ चेंडू घेऊन धावतोय. सात डॉलरची नोट! हिशेबाला अत्यंत गैरसोयीची आणि म्हणूनच मला ती फार आवडते.

त्या जल्लोषात आठव्या क्रमांकाच्या मुलींकडे कोण बघणार.

टोकियो

२०२१च्या एप्रिलमध्ये फिजीत करोनाची दुसरी लाट आली. जुलैत लोकसंख्येच्या प्रमाणात रोजच्या नव्या रुग्णांचा दर जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांत फिजी होती. संघ त्याआधीच शिबिरात बंद झाला होता. मग सराव सामन्यांसाठी ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलला, तिथून जपानला. महिनोन्‌महिने घर नाही. काही जणी आया होत्या. मुलं फोनवर.

प्रशिक्षक होते साइआसी फुली, फिजीचेच. कर्णधार रुसिला नांगासाऊ, रिओतही खेळलेली. गटात कॅनडाला २६-१२ हरवलं, ब्राझीलला ४१-५, फ्रान्सकडून ५-१२ हरल्या. आणि मग ३० जुलैला ऑस्ट्रेलिया.

ऑस्ट्रेलिया म्हणजे रिओच्या सुवर्णविजेत्या. पूर्ण वेळ करारावर असलेल्या व्यावसायिक खेळाडू. सामना फिजीने १४-१२ असा जिंकला. आकडे उलगडून बघा. दोन्ही संघांचे दोन-दोन ट्राय, म्हणजे दहा-दहा गुण. फिजीच्या दोन्ही लाथा खांबांमधून गेल्या, ऑस्ट्रेलियाची एक गेली, एक चुकली. चौदा मिनिटांची सगळी धावपळ, आणि फरक एका लाथेचा. पण मी तो सामना जितक्या वेळा पाहिला तितक्या वेळा मला लाथेपेक्षा टॅकल आठवतात. फिजी म्हटलं की लोकांना उधळलेले पास आठवतात, एका हाताने मागे न बघता टाकलेले. या सामन्यात त्या तशा खेळल्याच नाहीत फारशा. त्या भिडल्या. समोरचीला पाडलं, उठल्या, पुन्हा पाडलं. लहानपणी ज्या गोष्टीसाठी 'मुलीच्या जातीला शोभत नाही' हे ऐकलं असेल, नेमकी तीच गोष्ट.

दुसऱ्या दिवशी उपांत्य फेरीत न्यूझीलंड. वेळ संपली तेव्हा १७-१७. जादा वेळेत जो आधी गुण करेल तो जिंकला, असा नियम. न्यूझीलंडने ट्राय केला. १७-२२. त्या पुढे सुवर्ण जिंकल्या. फिजियाना सुवर्णाच्या किती जवळ होत्या हे कळायला हा सामना पुरे.

काही तासांनी पुन्हा मैदानात उतरायचं होतं, ग्रेट ब्रिटनसमोर. पाच वर्षांपूर्वी ज्यांनी रिओतून बाहेर काढलं तोच देश, आणि ज्यांनी त्यांच्या पणजोबांना हा खेळ शिकवला तोही. उपांत्य फेरीत असं हरल्यावर संघ कोसळतात. फिजियाना कोसळल्या नाहीत. २१-१२. आणि २१ म्हणजे तीन ट्राय, तिन्ही लाथा खांबांमधून.

तीन दिवसांपूर्वीच पुरुषांनी न्यूझीलंडला २७-१२ हरवून दुसरं सुवर्ण जिंकलं होतं. त्यामुळे बायकांचं कांस्य पुन्हा झाकलं जाणार असं वाटू शकलं असतं. तसं झालं नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण अपेक्षा. पुरुष जिंकणार हे देशाला माहीत होतं. या मुली जिंकतील हे बहुतेकांच्या हिशेबात नव्हतं. फिजीचे संघ सामना संपला की गोल करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून प्रार्थनागीत गातात, आणि ते नुसतं सुरात म्हणत नाहीत, चार आवाजांत गातात. ज्या चर्चमधून या मुलींना 'हे तुमचं काम नाही' असं सांगितलं गेलं असेल, तिथेच त्या हे गायला शिकल्या होत्या. आलोवेसी नाकोथी, वासिती सोलिकोविती, रेआपी उलुनिसाऊ, लावेना थावुरु, विनिआना रिवाई. टीव्हीवर चुकीची उच्चारली गेलेली ही नावं फिजीत त्या आठवड्यात प्रत्येकाला येत होती.

यानंतरचं वर्ष भन्नाट गेलं. २०२२मध्ये ऑस्ट्रेलियाच्या 'सुपर डब्ल्यू' या पंधरा जणींच्या लीगमध्ये फिजियाना द्रुआ पहिल्यांदाच उतरल्या आणि एकही सामना न हरता विजेत्या झाल्या. अंतिम सामन्यात न्यू साउथ वेल्सला ३२-२६. बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सेव्हन्सचं रौप्य. पंधरा जणींच्या विश्वचषकात पहिल्यांदाच खेळताना दक्षिण आफ्रिकेवर २१-१७ असा विजय. पुढच्या वर्षी सुपर डब्ल्यू पुन्हा त्यांचीच.

आणि मग पॅरिस २०२४. बारा संघ होते. फिजियाना बाराव्या आल्या.

याचं एक सोपं स्पष्टीकरण लगेच मिळतं: टोकियो हा नशिबाचा भाग होता. मला ते पटत नाही. टोकियोच्या काळात महिला सेव्हन्समध्ये पूर्ण वेळ पगार देणारे देश मोजके होते. पदक दिसलं तसे बाकीचेही त्यात पैसा घालू लागले. चीन बघा, टोकियोत सातवा होता, पॅरिसला सहावा आला. जगाचा वेग वाढला आणि फिजीची संघटना त्या काळात स्वतःच्याच आर्थिक गोंधळात होती. शिवाय जी मुलगी पंधरा जणींच्या रग्बीत परदेशी क्लबाकडे वळू शकते, ती सेव्हन्सच्या शिबिरात का थांबेल? फिजीतून पुरुष खेळाडू असेच गेली अनेक वर्षं बाहेर जातात. आता मुलींनाही बाहेर जायची वाट मिळाली, आणि राष्ट्रीय संघाचं त्यात नुकसान होतं. ही तक्रार करावी की आनंद मानावा हे ठरवणं अवघड आहे. माझ्या बॅचमधल्या निम्म्या मुली बाहेर गेल्यात, त्यामुळे मला तरी तक्रार करायचा अधिकार नाही.

पुरुषांनाही पॅरिसमध्ये रौप्यावर समाधान मानावं लागलं, फ्रान्सने अंतिम सामना २८-७ जिंकला. त्याची सुवात हळहळ झाली. बाराव्या क्रमांकाची मात्र चर्चा झाली, टीकाही झाली. एक फरक इथे नोंदवायला हवा. रिओत आठव्या आलेल्या मुलींवर कोणी टीका केली नव्हती, कारण त्यांच्याकडून कोणाची काही अपेक्षाच नव्हती.

पॅरिसनंतर वर्षभराने, सप्टेंबर २०२५मध्ये इंग्लंडमधल्या एक्सेटरला पंधरा जणींच्या विश्वचषकात फिजियाना वेल्ससमोर उतरल्या. स्टँडमध्ये बहुतेक माणसं वेल्सची. फिजियाना २८-२५ जिंकल्या, मग गोल केला, खांद्यावर हात टाकले आणि गायल्या.